देवाला आईबाप म्हटल्याने देव कळतो का?

भीमातीर (धागाकर्ता)

देवाचे आणि माणसाचे नाते कसे आहे, असे विचारले की कीर्तनकारापासून घरच्या आजीपर्यंत सगळ्यांकडे एकच उत्तर तयार असते: आई आणि लेकरू. पंढरीच्या विठोबाला आपण माउली म्हणतो, तुळजापूरच्या भवानीला आई म्हणतो, आळंदीला समाधी घेतलेल्या ज्ञानदेवांनाही माउलीच म्हणतो, आणि हे इतके अंगवळणी पडले आहे की या उपमेने नेमके काय हाती लागते, हे सहसा कोणी विचारत नाही. ते येथे विचारावे, अशी माझी इच्छा आहे. माणसाचे आईबापपण हे देव समजून घेण्याचे साधन होऊ शकते का, आणि होत असेल तर कोठपर्यंत?

माझे मत आधीच सांगतो. देव जगात जे करतो किंवा होऊ देतो, त्याचे स्पष्टीकरण या उपमेतून मिळत नाही. माणसाने देवाशी कोणत्या अधिकाराने बोलावे, एवढे मात्र तिच्यातून पक्के कळते. आईकडे जायला लेकराला पात्रता लागत नाही, मुहूर्त लागत नाही, शुद्ध उच्चार लागत नाहीत. ते रुसू शकते, भांडू शकते, चूक करून पुन्हा त्याच पदराआड लपू शकते. आपल्या परंपरेने ही उपमा वापरली ती मुख्यतः हा हक्क सांगण्यासाठी, आणि तिचे पुढे तत्त्वज्ञान करायला गेलो की ती तोकडी पडते.

गीतेचा अकरावा अध्याय पाहावा. अर्जुनाने विश्वरूप पाहिले आहे, योद्धे त्या मुखांत शिरून चिरडले जाताना पाहिले आहेत, आणि तो अक्षरशः थरथरतो आहे. त्या अवस्थेत चव्वेचाळिसाव्या श्लोकात तो म्हणतो की पिता जसा पुत्राचे, सखा जसा सख्याचे, तसे तू माझे सहन करावेस. जे पाहिले त्याचा अर्थ त्याला लागलेला नाही. पित्याची उपमा त्या संहाराचा उलगडा करण्यासाठी आलेली नाही. क्षमा मागायला आधार हवा, म्हणून ती आली आहे. नवव्या अध्यायात भगवंत स्वतःला जगाचा पिता, माता, धाता आणि पितामह म्हणवतात हे खरे, पण तेथेही आईबाप आपल्या लेकरांना दुःखात का लोटतात, या प्रश्नाला हात घातलेला नाही.

जनाबाईंकडे आले की हे आणखी स्पष्ट होते. आई मेली, बाप मेला, आता विठ्ठला तू सांभाळ, हे त्यांचे मागणे आहे. ज्यांच्या वाट्याला नामदेवांच्या घरची दासी म्हणून दळणकांडण आले, त्यांनी विठ्ठलाला आपले आईपण घ्यायला लावले. विठ्ठल दळू लागतो, शेणी वेचू लागतो, असे त्या सांगतात, तेव्हा देवाच्या स्वरूपाविषयी सिद्धांत मांडणे हा त्यांचा उद्देश दिसत नाही. जेथे नाते उरले नव्हते, तेथे त्या नाते जोडत आहेत.

पंढरपूरची मूळ कथा तर या उपमेला थेट आव्हान देते. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत बसला आहे आणि दारात देव आला आहे. पुंडलिक वीट भिरकावतो आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगतो. देव थांबतो, आणि ज्याला आपण जगाची माउली म्हणतो तो एका माणसाच्या आईबापांची सेवा पुरी होण्याची वाट पाहत कटीवर कर ठेवून उभा आहे. हाडामांसाच्या आईबापांचा मान या कथेत देवाच्या आधी आहे. मग आईबापांवरून देव समजतो, की देवाकडे जाण्याआधी आईबाप समजून घ्यावे लागतात? मला दुसरे अधिक पटते. आपली मते अवश्य लिहावीत.

शुभ्रफूल

उत्तम विषय. मी आई झाल्यावर या उपमेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, म्हणून लिहिते.

मुलगी दीड महिन्याची असताना तिला लसीकरणाला नेले. नर्सबाईंनी तिची मांडी कापसाच्या बोळ्याने पुसली आणि मला सांगितले, "पाय घट्ट धरा, हलू देऊ नका." मी धरला. सुई टोचल्यावर एक क्षण तिचा श्वास अडकला, तोंड उघडे राहिले, आवाज फुटेना, आणि तिची नजर सरळ माझ्यावर होती. नर्सबाईंकडे तिने पाहिलेच नाही. मग जो आकांत सुरू झाला, तो माझ्याच खांद्यावर तोंड खुपसून. पाय मी धरला होता, आणि रडायला जागाही मीच होते.

हे सांगण्याचे कारण असे की, त्या लेकराला मी काहीही समजावू शकत नव्हते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात हे शब्द तिच्या जगात नव्हते. माझ्याकडे कारण होते, तिच्याकडे नव्हते, आणि मधले अंतर भाषेने भरून निघण्यासारखे नव्हते. देवाकडे कारण असेल आणि ते आपल्या आवाक्यात नसेल, ही कल्पना तोपर्यंत मला पळवाट वाटत असे. आता ती निदान शक्य कोटीतली वाटते. म्हणून धागाकर्त्यांशी मी पूर्ण सहमत नाही. थोडेसे स्पष्टीकरणही या उपमेतून मिळते.

प्रश्नचिन्ह

शुभ्रफूल ताई, आपला अनुभव वाचताना मलाही गलबलून आले, परंतु ही उपमा जेथे मोडते ती जागा आपल्या लक्षात आणून देणे भाग आहे. घटसर्पाचे जंतू आपण निर्माण केलेले नाहीत. आपल्यावर जग लादलेले आहे आणि त्या जगात लेकराचे रक्षण करण्यासाठी आपल्याला त्याला दुखवावे लागले. सर्वशक्तिमान देवावर जग कोणी लादले? जो रोगही करू शकतो, लसही करू शकतो आणि रोगाशिवायचे जगही करू शकत होता, त्याला आईची मजबुरी लागू होत नाही. आईची सर्व थोरवी तिच्या मर्यादांतून येते. त्या काढून घेतल्या तर आई उरत नाही.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. चांगले आईबाप मुलाला स्वतःच्या पायावर उभे करतात. मूल मोठे होते, घराबाहेर पडते, निर्णय घेते, आईबापांना चुकीचेही ठरवते, आणि तसे ते करू शकले यातच आईबापांचे यश असते. धर्म मात्र माणसाला मरेपर्यंत लेकरूच ठेवतो. मनोविश्लेषक सिग्मुंड फ्रॉइडने १९२७ साली हेच मांडले की लहानपणच्या असहायतेत बाप जसा आधार वाटतो, त्याचीच मोठी प्रतिमा माणूस आकाशात उभी करतो. ज्याला आपण देव समजून घेण्याचे साधन म्हणतो, तेच कदाचित देव कोठून आला याचे उत्तर असेल. आणि आईबापांनी मुलाची हेळसांड केली तर कायदा मूल त्यांच्याकडून काढून घेतो. देवाच्या बाबतीत दाद कोणाकडे मागावी?

वसईकर

मी ख्रिस्ती घरातला आहे आणि आमच्याकडे ही उपमा पोटापाण्याइतकी रोजची आहे, कारण प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी सुरू होते. प्रश्नचिन्ह यांचा दुसरा मुद्दा वाचून मला लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाची आठवण झाली, ज्याला आपल्याकडे उधळ्या पुत्राचा दाखला म्हणतात.

त्या दाखल्यातला बाप मुलाला लेकरू ठेवत नाही. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. आपल्या गावांत असे कोणी केले तर चार माणसे काय म्हणतील, ते सांगायला नको. बाप वाद न घालता वाटणी देतो आणि मुलाला जाऊ देतो. मागे माणूस पाठवत नाही, पैसा बुडाल्यावर दूरदेशी मदत पाठवत नाही. मुलगा डुकरांच्या शेंगांवर पोट भरायची इच्छा धरण्यापर्यंत खाली जातो, तरी बाप तेथे पोहोचत नाही. तो परत येताना दूरवर दिसतो, तेव्हा मात्र हाच बाप धावत सुटतो, आणि मुलाने पाठ करून आणलेले क्षमेचे बोल पुरे होण्याआधीच झगा, अंगठी आणि वहाणा आणण्याचा हुकूम सोडतो. स्वातंत्र्य देणे आणि वाट पाहणे ही दोन्ही कामे एकाच बापाची आहेत, आणि मला तरी देवाविषयी याहून खरे काही वाचल्याचे स्मरत नाही.

आमच्याकडे केवळ बापच आहे, असेही नाही. यशया संदेष्ट्याच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव विचारतो की स्त्री आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय, आणि पुढे म्हणतो की ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही. येथे उपमा देऊन लगेच तिच्यापलीकडे जाणे आहे. अहमदनगर परिसरात ज्यांनी आयुष्य वेचले त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांत ख्रिस्ताला माउली म्हटले, तेव्हा त्यांनी वारकऱ्यांची हाक ख्रिस्ताला दिली, आणि आमच्या कित्येक मराठी मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, ती परकी वाटली नाही.

भीमातीर

सर्वांचे आभार. दोन गोष्टींना उत्तर देतो.

शुभ्रफूल ताई, आपल्या प्रसंगातील जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो आपण स्वतःच लिहिला आहे: ज्याने पाय धरला त्याच्याच खांद्यावर रडणे. लस का टोचली हे त्या लेकराला कळले नाही, आणि तरी रडायचे कोठे हे कळले. मी ज्याला हक्क म्हणतो तो हाच. कारणाच्या बाबतीत प्रश्नचिन्ह यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. आपल्या आचार्यांनाही हे ठाऊक होते. जगात कोणी सुखी, कोणी दुःखी असा भेद आहे, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट घेतलेला आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य आईबापांचा दाखला देत नाहीत, पावसाचा देतात. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. भात आणि जव वेगवेगळे उगवतात ते बीजांतील फरकामुळे. तसा ईश्वर हे साधारण कारण आणि प्राण्यांचे कर्म हे विशेष कारण. हे उत्तर पटो वा न पटो, दुःखाची उपपत्ती लावायची वेळ आली तेव्हा एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने आईची उपमा हाताशी असूनही उचलली नाही, याची नोंद घ्यावीशी वाटते.

आता फ्रॉइड. आधार शोधणारे लेकरू हे चित्र खरे आहे, परंतु आपल्याकडील भक्तीचा निम्मा भागच त्यात बसतो. वात्सल्यभक्तीत भक्त आई होतो आणि देव मूल होतो. यशोदा कृष्णाला उखळाला बांधायला निघते आणि दावे दर वेळी दोन बोटे कमी पडते, ही भागवताच्या दशम स्कंधातील कथा देवाच्या आईची कथा आहे. राजस्थानातील नाथद्वाऱ्याला आजही श्रीनाथजींना, म्हणजे बाळकृष्णाला, सकाळी हळूच उठवतात, न्याहारी देतात, दुपारी निजवतात. असहायतेतून बाप शोधणारा माणूस स्वतःच देवाचा पालक का होईल? त्याला कोणता आधार त्यातून मिळतो? ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपुढे बोलण्याची क्षमा मागताना एक सुंदर चित्र काढले आहे: लहान मूल बापाच्या ताटात बसते आणि उलट बापालाच घास भरवू लागते, आणि बाप आनंदाने तोंड पुढे करतो. ते बोलणे संतसभेला उद्देशून आहे, देवाला नव्हे. तरी या परंपरेच्या मनात आईबाप आणि लेकरू ही नाती किती सहज उलटतात, ते त्यातून दिसते. पुंडलिक तर प्रौढ मुलगा आहे, आणि थकलेल्या आईबापांचे पाय त्याच्या हातात आहेत. म्हणून धर्म माणसाला कायमचे लेकरू ठेवतो, हे सरसकट मान्य करता येत नाही.

कावेरीकाठ

मी तामिळनाडूत स्थायिक झालेल्या मराठी घरातला आहे, त्यामुळे येथील श्रीवैष्णवांमधला एक जुना वाद सांगावासा वाटतो. तो नेमका याच उपमेवर उभा आहे.

रामानुजाचार्यांच्या अनुयायांत पुढे वडकलै आणि तेन्कलै असे दोन संप्रदाय झाले. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडकलैंचा दाखला माकडिणीच्या पिलाचा: आई उडी मारते, पण पोटाला घट्ट धरून राहण्याचे काम पिलाचे. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणाऱ्या तेन्कलैंचा दाखला मांजरीच्या पिलाचा: मांजर मानगुटीला धरून उचलते, पिलाने काहीच करायचे नसते. तारणासाठी माणसाच्या बाजूने काही लागते की नाही, हा खरा प्रश्न. शरणागतीला निमित्त म्हणून का होईना, माणसाची कृती हवी, असे पहिले म्हणतात. कृतीचा आग्रह धरणे म्हणजेच अविश्वास, असे दुसरे म्हणतात. तेन्कलै आचार्य तर येथवर जातात की गाय जशी नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगावरची घाण आवडीने चाटते, तसे देवाला भक्ताचे दोष प्रिय होतात.

यावरून मला धागाकर्त्यांच्या मांडणीत थोडी भर घालायची आहे. 'आई' एवढे म्हटल्याने काहीच ठरत नाही. कोणती आई, हे सांगावे लागते, आणि ते सांगू लागले की उपमा देणाऱ्याचा सिद्धांत आधीच ठरलेला असतो, तो त्या उपमेत बसवला जातो. दोन्ही संप्रदायांना आई मान्य होती, तरी वाद शतकानुशतके टिकला.

उंबरठा

सर्व प्रतिसाद वाचले. एवढा वेळ आई घरात आहे आणि लेकरू तिच्याजवळ आहे, हे गृहीत धरून चर्चा चालली आहे. ज्या लेकराला दाराबाहेर ठेवले, त्याच्याविषयी कोणी बोललेले नाही.

चोखोबांची समाधी पंढरपुरात कोठे आहे, हे सर्वांना माहीत आहे. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. आत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या, असे परंपरा सांगते. हयातीत ज्याला माउलीच्या पायांवर डोके ठेवता आले नाही, त्याच्या अस्थींनाही दाराशीच जागा मिळाली. चोखोबांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, याच माउलीला विचारले आहे: "जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमचे चित्ता." आमची याती हीन तूच केलीस, हे तुला कळत कसे नाही, असा त्याचा सवाल आहे. ते मंदिर अस्पृश्यांना खुले झाले मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या प्राणांतिक उपोषणानंतर. मधली शतके आई आत होती आणि तिची काही लेकरे बाहेर होती.

मला कोणी सांगेल की दार माणसांनी बंद केले, देवाने नव्हे. मान्य. पण आई असेल तर ती उंबरठा ओलांडून बाहेर का आली नाही, हा प्रश्न उरतोच. आणि ज्यांनी दार बंद केले, तेही तिला माउलीच म्हणत होते. म्हणजे या उपमेने त्यांच्या वागण्यात तसूभरही फरक पाडला नाही.

आमच्या घराण्यात पूर्वी माळ होती, वारी होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर देवाला आई म्हणणे आमच्याकडे थांबले. आईची उपमा मात्र थांबली नाही, ती वेगळ्या जागी गेली. करणीयमेत्त सुत्त या बौद्ध सूत्रात म्हटले आहे की आई जशी आपल्या एकुलत्या एका मुलाचे प्राणपणाने रक्षण करते, तशी अमर्याद मैत्री सर्व प्राणिमात्रांविषयी मनात वाढवावी. तेथे आई होण्याची जबाबदारी देवावर टाकलेली नाही, माझ्यावर टाकलेली आहे. मला ही योजना अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात दाराबाहेरच्या लेकराला वाट पाहत बसावे लागत नाही.

दख्खनी

उंबरठा यांच्या प्रतिसादानंतर लिहिणे सोपे नाही, तरी एक बाजू राहिली आहे म्हणून लिहितो. इस्लाममध्ये अल्लाहला बाप म्हणत नाहीत. कुरआनच्या एकशे बाराव्या सूरेत स्पष्ट आहे की त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही. जन्म देणाऱ्याचे आणि जन्मलेल्याचे रक्त, रूप, वंश एक असतात. निर्माता आणि निर्मिती यांत तसे काही एक नाही, म्हणून ते नाव वापरायचेच नाही, अशी ही भूमिका आहे. कावेरीकाठ म्हणतात तसे आपले ठरलेले मत उपमेत बसवले जाण्याचा धोका यामुळे पुष्कळ टळतो.

तरी आईची ममता हे माप म्हणून आमच्याकडेही येते. बुखारी आणि मुस्लिम या नावांच्या दोन्ही संग्रहांत एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. युद्धात पकडलेल्यांमध्ये एक स्त्री आपले बाळ शोधत फिरत होती. मूल सापडताच तिने त्याला छातीशी धरून पाजले. पैगंबरांनी सोबत्यांना विचारले, ही स्त्री आपल्या मुलाला आगीत टाकेल का? शक्य असेल तोवर टाकणार नाही, असे ते म्हणाले. तेव्हा पैगंबर म्हणाले की ही आपल्या मुलावर जेवढी दयाळू आहे, त्याहून अल्लाह आपल्या बंद्यांवर अधिक दयाळू आहे. येथे देव आई आहे असे म्हटलेले नाही. जगात सर्वांत मोठी दया जी डोळ्यांना दिसते, तिच्याकडे बोट दाखवून, त्याहून अधिक, एवढेच म्हटले आहे. वसईकर यांनी यशयाचे जे वचन दिले, त्याची रीतही मला अशीच वाटते. उपमा पायरी म्हणून वापरायची आणि तिच्यावर घर बांधायचे नाही.

वाटसरू

थोडक्यात लिहितो. माझे वडील दारू पिऊन आईला मारत. देव पित्यासारखा आहे, असे शाळेत सांगितले जाई तेव्हा मला देवाची भीती वाटत असे, आणि ती भीती अगदी तर्कशुद्ध होती. प्रवचनकार ज्या आईबापांचा दाखला देतात, ते सर्वांच्या घरी नसतात.

पुढे मला देवाविषयी जी काही ओढ वाटली, ती वडिलांमुळे नाही, वडिलांच्या उणिवेमुळे वाटली. बाप कसा असायला हवा होता, हे मला नीट माहीत होते, आणि तो अंदाज मला माझ्या बापाने दिलेला नव्हता. तो कोठून आला, याचे उत्तर माझ्याकडे नाही. जनाबाईंचा उल्लेख वाचून मात्र बरे वाटले. ज्याला आईबाप होते त्याला ही उपमा शोभून दिसते, ज्याला नव्हते त्याला ती उपयोगी पडते.

प्रश्नचिन्ह

वाटसरू, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. जॉन बोल्बी यांच्या जिव्हाळ्याच्या बंधाच्या सिद्धांतावरून धर्माचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांमध्ये दोन्ही शक्यता मांडल्या जातात: ज्यांना प्रेमळ पालक मिळाले ते तसाच देव मानतात, किंवा ज्यांना मिळाले नाहीत ते उणीव भरून काढणारा देव शोधतात. आपला अनुभव दुसऱ्या बाजूचा दिसतो.

भीमातीर यांनी वात्सल्यभक्तीचा जो मुद्दा मांडला, त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. फ्रॉइडच्या डोळ्यांपुढे ज्यू आणि ख्रिस्ती बाप होता, उखळाला बांधलेले मूल नव्हते, हे मान्य करतो. परंतु उंबरठा यांच्या प्रश्नाला अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही, आणि या धाग्यावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला तोच वाटतो. धागाकर्ते म्हणतात की ही उपमा हक्क देते. कर्ममेळ्याने तो हक्क बजावला. त्याला मिळाले काय?

भीमातीर

प्रश्न रास्त आहे, आणि त्यातून अंग काढून घेणे मला शोभणार नाही.

कर्ममेळ्याला उत्तर मिळाल्याचे त्याच्या अभंगात नाही. देव प्रकटला, समजूत घातली, असा शेवट त्याने केलेला नाही, आणि मीही तो त्याच्या वतीने करणार नाही. तुकोबांचे उदाहरण त्याच्याजवळ ठेवून पाहावे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. बाप म्हणून जे सोसायचे ते त्यांनी सोसले. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा केली तीही बरी झाली, असे ते पुढे म्हणाले. त्या अभंगाचा आधार घेऊन दुसऱ्याच्या घरातील दुःखावर 'देव करतो ते बऱ्यासाठी' असे म्हणणारे लोक मला अतिशय कठोर वाटतात. तुकोबांनी ते स्वतःच्या दुःखाविषयी, स्वतःच्या अधिकारात म्हटले. कर्ममेळ्याने तसे म्हणायला नकार दिला, तोही त्याच्याच अधिकारात. 'लेकुराचे हित वाहे माउलीचे चित्त' ही ओळ दोघांपैकी एकाची आहे, म्हणून दुसऱ्याने ती मुकाट्याने मान्य करावी, असे म्हणता येणार नाही.

मात्र कर्ममेळ्याच्या ओळींची धार कोठून येते, ते पाहावे. 'लाज न ये तुमचे चित्ता' असे परक्या मालकाला कोणी म्हणत नाही. मालकापुढे अर्ज करतात, किंवा त्याच्याविरुद्ध बंड करतात. लाज काढायची ती ज्याच्यावर आपला हक्क आहे, आणि ज्याने तो मोडला आहे, त्याची. देव आईबाप आहे हे गृहीत धरले नसते, तर ही तक्रार उभीच राहिली नसती. मी उपमेचे मोल मानतो ते येथे. ती देवाचे समर्थन करत नाही, उलट देवावर आरोप ठेवण्याइतकी जवळीक माणसाला देते.

उंबरठा यांनी म्हटले की दार बंद करणारेही माउलीच म्हणत होते. हे खरे आहे, आणि त्याचा दोष उपमेला देण्याऐवजी मी त्यांना देईन, कारण देव आई असेल तर बाहेर उभा असलेला माणूस आपला भाऊ ठरतो, आणि ही दुसरी बाजू त्यांनी सोयीने सोडून दिली. लेकरू होण्याचा हक्क त्यांना हवा होता, भावंड होण्याची जबाबदारी नको होती. साने गुरुजींचे उपोषण याच सोडलेल्या बाजूसाठी होते, असे मी समजतो.

वसईकर

याच मुद्द्यावर एक पुस्ती जोडतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेतातून येतो, घरात वाजतगाजत चाललेले ऐकतो आणि रागाने आत जायचे नाकारतो. बाप त्यालाही समजवायला स्वतः बाहेर येतो. बापाशी बोलताना थोरला धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप ते दुरुस्त करतो: 'हा तुझा भाऊ'. थोरला पुढे आत गेला की नाही, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. उंबरठा यांनी विचारले की आई बाहेर का आली नाही. आमच्या दाखल्यातला बाप दोन्ही मुलांसाठी बाहेर येतो, तरीही आमच्या मंडळ्यांमध्ये जातीप्रमाणे वेगळी बाके आणि वेगळी स्मशाने राहिली आहेत, हे मी लपवणार नाही.

उंबरठा

भीमातीर आणि वसईकर, दोघांनीही टाळाटाळ न करता लिहिले, याचा आदर वाटतो. 'भावंड होण्याची जबाबदारी' हा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या मते तोच आधी यायला हवा. माणसांनी एकमेकांना भाऊ मानले तर त्यांच्या डोक्यावर आई आहे की नाही, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्यापुरता सोडवावा. त्यांनी तसे मानले नाही, तर आई असूनही काही उपयोग झाला नाही, हे कर्ममेळ्याच्या घराने पाहिले आहे. या क्रमाबद्दल आपले एकमत होईल असे मला वाटत नाही, कारण तुम्ही आईपासून सुरुवात करता आणि मी भावापासून.

कर्ममेळ्याची तक्रार केवळ आईबापांनाच करता येते, हे मात्र मला तितकेसे पटलेले नाही. ती न्याय मागणाऱ्या कोणत्याही माणसाची तक्रार म्हणूनही वाचता येते. त्याचे आणि त्याच्या आईचे, सोयराबाईंचे, अभंग कोणी सलग वाचले असतील, तर त्यांनी यावर लिहावे.